दिवाबाई खाली उतरते

९ फेब्रुवारी

अहो,

एवढं लिहून बराच वेळ थांबले. पुढे काय लिहायचं ते सुचेना. बस सुटली त्या दिवसापासून आपण एकमेकांशी एक अक्षर बोललेलो नाही. आता गोड लिहिलं तर तुम्हाला संशय येईल, आणि कडू लिहिलं तर पत्र अर्धवट वाचून भाऊजींच्या हातात द्याल. म्हणून कामापुरतंच लिहिते.

पलंगाखालचे तुमचे खाणीतले बूट मी वापरायला काढले आहेत. वस्तू तुमची आहे, न सांगता घेतली असं व्हायला नको. टाचा पार झिजल्या होत्या, त्या नव्या लावून घेतल्या. पुढच्या बाजूला जागा राहते, तिथे कापूस भरलाय. दोन जोड मोजे घातले की चालता येतं. बदकासारखी दिसते, पण चालता येतं.

कशाला हवेत, असं विचाराल. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. रोज संध्याकाळी टेकडीपर्यंत जाऊन येते.

इकडे सगळं होतं तसंच आहे. तुमच्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, ती दुरुस्त केली. खाणीच्या फाटकावर तेच गंजलेलं कुलूप आहे. पालिका म्हणते, उन्हाळा संपायच्या आत खाली उतरायचे दोन्ही शाफ्ट दगड आणि काँक्रीट घालून बुजवून टाकायचे, म्हणजे कुणी पडायची भीती नको. मला त्याचं काही नाही. कानावर आलं ते सांगितलं.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. बुटांना नाही म्हणायचं असेल तर मात्र लवकर कळवा.

तुमची (हे सवयीनं लिहिलं गेलं, खोडत नाही)
मी


२ मार्च

अहो,

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणजे बूट माझे झाले.

आता खरं सांगते. डॉक्टर मला चालू नका म्हणाले आहेत. गुडघा. पण मी चालते, कारण मला खाणीत उतरायचंय. खुर्चीवर बसून वाचत असाल तर बरं.

झालं असं. महिन्यापूर्वी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. बाहेरून एक इंजिनीअरबाई आल्या आहेत. केस आखूड, आवाज खणखणीत, आयुष्य खाणींत गेलेलं. त्या म्हणाल्या, खाण बुजवू नका, लोकांना आत नेऊन दाखवा. जगात अशा जुन्या खाणी बघायला माणसं लांबून येतात. इथे तरी दुसरं काय उरलंय? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पालिकेचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "कायदा असा आहे की आत जायला एक वाट आणि बाहेर पडायला दुसरी वाट हवी. मोठ्या शाफ्टमधून उतराल हो, पण बाहेर कुठून याल? जुन्या शाफ्टकडे जाणारा जोडबोगदा कधीचा कोसळलाय."

"कोसळल्यावर आत जाऊन कुणी बघितलंय?" बाईंनी विचारलं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"मग मी बघून येते," बाई म्हणाल्या. "मला बरोबर दोन माणसं हवीत. एक खाणीतलं. आणि एक असं, ज्याला खाणीतलं ओ की ठो कळत नाही, ज्याची साठी उलटलीये, आणि जे घाबरलं तर घाबरलो म्हणून तोंडानं सांगेल. उद्या इथे येणारे लोक तसलेच असणार. त्यांना जमेल की नाही, ते मला तशा माणसाकडूनच कळेल."

खाणीतला माणूस म्हणून तुमचा लंबू उभा राहिला. बचाव पथकातला तोच, अजून दारात वाकून शिरतो. दुसऱ्या माणसासाठी सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग माझा हात वर गेला. शेजारीण मला खाली ओढत होती, तरी गेला.

हसू नका. आयुष्यभर मी लॅम्परूमच्या खिडकीत बसले. तुम्ही लोक पितळी बिल्ला द्यायचात, मी दिवा द्यायचे. पाळी सुटली की दिवा परत घ्यायचे आणि बिल्ला द्यायचे. फळ्यावर एखादा बिल्ला राहिला की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. आणि ज्या जागेपायी एवढा जीव टांगणीला लावला, ती जागा मी एकदाही पाहिली नाही. बायकांना खाली बंदी होती. तुम्हाला विचारलं, खाली कसं असतं हो, तर तुम्ही म्हणायचात, "अंधार." भाकरी मोडावी तसा एक शब्द मोडून हातावर ठेवायचात आणि हात धुवायला जायचात.

एवढं लिहिलं आणि भाऊजींचा शेजारणीकडे फोन आला; लंबूनं तुमच्या कानावर आधीच घातलेलं दिसतं. म्हणाले, "तो म्हणतोय, जाऊ नको म्हणून सांगा." मी म्हटलं, त्यालाही तोंड आहे, त्यानं फोनवर यावं. भाऊजी हळूच म्हणाले, "शेजारीच उभा आहे." मी आणखी थोडं थांबले. तुम्ही आला नाहीत. मग मी फोन ठेवला.

तुम्ही मला न विचारता भाऊजींना कळवलंत की आम्ही दोघं कायमचे तिकडे येतो. मी पेटी घेऊन बसमधून उतरले. तुम्ही बसमध्ये बसून राहिलात. यावर कागद खर्च करायचा नाही असं मी ठरवलंय, म्हणून इथेच थांबते.

मी


२१ मार्च

अहो,

जाऊन आले.

बाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी नुसतं उतरायचं, बघायचं आणि वर यायचं. जोडबोगदा नंतर. तरी आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हे शेजारणीलाही सांगितलेलं नाही.

तुम्ही लोक ज्याला पाळणा म्हणायचात तो गंजका पिंजरा आहे, बाईंनी पुन्हा चालू करून घेतलेला. हे नाव ठेवणाऱ्यानं आयुष्यात एकही बाळ झोपवलेलं नसणार. पाळणेवाल्यानं कळ दाबली, माझं पोट वर राहिलं आणि बाकीची मी खाली गेले. लंबू म्हणाला, "वहिनी, माझा दंड सोडा, रक्त थांबलंय."

खाली पोचल्यावर थोडं आत चालत गेलो, आणि बाईंनी तिघांचे दिवे बंद करायला लावले. का, तर येणाऱ्या लोकांना हे एकदा दाखवायला हवं.

आम्ही दिवे बंद केले. वर रात्री जो असतो त्याला अंधार म्हणू नये. हात डोळ्यांसमोर धरला तर हात नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेत ते बोटांनी चाचपून बघावं लागलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, आला तो राग. इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही माझी बोळवण करता. तुम्ही खरंच सांगत होतात. मी वर बसून काच पुसायचे, बॅटरी बघायचे, आणि पुढच्याला हाक मारायचे. तुमच्या हातात काय देत होते ते मला तिथे उभी राहून कळलं.

मग दिवे लावले, आणि तुमच्यावर दुसऱ्यांदा राग आला. कारण खाली नुसता अंधार नाही. छतावर पानं आहेत! दगडात उमटलेली, नेच्यासारखी, शिरांसकट, आत्ता कुणी दाबून ठेवावीत अशी. बाई म्हणाल्या, हा सगळा कोळसा म्हणजे एक जंगल होतं. मी मान वर करून इतका वेळ बघत राहिले की मान धरली. तुम्ही रोज त्या जंगलाखालून जात होतात आणि घरी येऊन विचारत होतात, आज भाजी कसली.

भिंती काळ्या असतील असं वाटलं होतं. त्या चकाकतात. दिवा फिरवला की भिंत आपल्याबरोबर चालते. एका जागी पाणी ठिबकतं, आणि त्याचा आवाज एवढ्या लांब जाऊन परत येतो की पलीकडे कुणी दुसरं बसलंय असं वाटतं.

पुढे तुमची विसाव्याची जागा लागली. कोळशात कोरलेली बाकं. लंबूनं बोटानं दाखवलं, "हे दादांचं बाक." म्हणजे तुमचं. मी त्याच्यावर बसले. गार आहे आणि पाठीला टोचतं. बाकाच्या समोरच्या भिंतीवर खडूनं चित्र काढलेलं आहे. एक खिडकी, खिडकीत एक बाई, डोक्यावर हा एवढा अंबाडा, आणि नाक म्हणजे कुदळ. खाली लिहिलंय, "दिवाबाई. काच पुसा, नाहीतर गिळेल."

इंजिनीअरबाईंनी दिवा चित्रावर धरला, मग माझ्या तोंडावर धरला, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. लंबू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी दोघांना हसून घेऊ दिलं. मग मलाही आवरेना. अशी हसले की वरून थोडी माती पडली आणि बाईंनी गप्प केलं.

वर येऊन आरशात नाक पाहिलं. एवढं काही नाही. कुणी काढलं असेल ते मला माहीत आहे.

मी


१७ एप्रिल

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. सगळं मिळून चार ओळी, पण तुमचं अक्षर बघून मी दारातच उभी राहिले. दूधवाला म्हणाला, वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, नाही, चार ओळी आहेत.

"नाक मी काढलं नाही. केस मी काढले. जोडबोगद्यात जाऊ नको. छत माझ्या डोळ्यांसमोर बसलंय."

पहिल्या दोन ओळींबद्दल नंतर बघू. शेवटच्या दोन मी लपवल्या नाहीत. कार्ड तसंच बाईंपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "ते म्हणतात ते खरं असणार. पण बसलेल्या छताच्या वर बरेचदा पोकळी राहते. ढिगाऱ्यावर चढून तिच्यातून जाता येतं का, एवढंच बघायचं. लाकडी टेकू लावत जाऊ. टेकू लागला नाही तर परत. आणि मावशी, तुम्ही नाही आलात तरी मी काही म्हणणार नाही."

"मी नाही आले तर कागदावर काय लिहाल?"

"सामान्य माणसाला जमलं नाही असं."

"मग शाफ्ट बुजणार."

मी घरी येऊन बुटांच्या नाड्या बदलल्या.

तुमचा शब्द मोडून गेले. ते मान्य आहे. पण तुमचा शब्द खिशात घेऊन गेले, हेही लक्षात ठेवा.

ढिगारा तुम्ही पाहिला तसाच आहे. छताला टेकेल एवढा उंच, आणि वरच्या कोपऱ्यात एक फट. पोत्याच्या तोंडाएवढी. पुढे बाई, मध्ये मी, मागे लंबू. बाई आधी आत शिरल्या, हवा तपासली, टेकू लावले, आणि दोरी ओढून खूण केली. मग मी पोटावर झोपून शिरले. कोपरांवर सरकायचं, डोकं वर करायचं नाही. पाठीला दगड घासत होता. माझ्या श्वासाचा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

मधोमध आले आणि माझा डावा पाय हलेना.

"वहिनी, पाय हलवा," मागून लंबू.

"हलत नाही."

बाईंनी पुढून विचारलं, "मावशी, काय झालं?"

"घाबरलेय."

"किती?"

"पोटभर."

"परत फिरायचं?"

अहो, तेव्हा मला तुमची आठवण झाली. चांगली नव्हे. मनात आलं, आता हे म्हणणार, मी सांगितलं होतं. भाऊजींच्या ओट्यावर बसून जन्मभर म्हणत राहणार. आणि त्या विचारानं माझ्या अंगात जे काही आलं ते देवाधर्मानंही आलं नसतं. मी म्हटलं, "फिरायला जागा कुठे आहे इथे? पुढेच चला."

"पण पाय हलत नाही ना?" बाई म्हणाल्या.

"वहिनी," लंबू म्हणाला, "पाय अडकलाय की बूट?"

मी जरा विचार केला. "बूट."

"मग पाय बाहेर काढा की!"

अडकलेल्या माणसाला एवढं साधं सुचत नाही बघा. पाय ओढला, कापसासकट मोज्यातला पाय सुटून आला, आणि बूट दोन दगडांच्या चिमट्यात राहिला. मी सरपटत पुढे गेले. फट रुंद झाली, मी गुडघ्यांवर आले, मग बाईंचा हात लागला, आणि ढिगाऱ्याच्या पलीकडच्या उतारावरून मी घसरत खाली आले. तिथे बसले होते, तोंडात धूळ, आणि गालाला काहीतरी गार लागलं. मला वाटलं पाणी. पाणी नव्हतं. वारा होता.

बाईंनी बाटलीतलं पाणी हातावर घेतलं. त्यांनी ओला हात वर धरला, मग माझ्याकडे बघून लहान मुलीसारख्या हसल्या. "मावशी, हा बाहेरचा वारा आहे. वाट उघडी आहे."

पुढे बोगदा अगदी धडधाकट आहे. खांब शाबूत, छत शाबूत. चढावानं चालत गेलो. आधी एक राखाडी ठिपका दिसला, तो मोठा होत गेला, मग त्यात गवत दिसायला लागलं. जुन्या शाफ्टच्या तिरक्या वाटेचं दार वेलींनी पार झाकलेलं होतं. लंबूनं खांदा लावला. दार पडलं आणि ऊन अंगावर आलं.

वीटभट्टीच्या मागे एक बाई कपडे वाळत घालत होती. जमिनीतून तीन काळीठिक्कर माणसं निघाली, त्यातलं एक एका बुटावर, हे बघून तिच्या हातची चादर पडली. पण काळजाची धीट. ओरडली नाही. नीट निरखून म्हणाली, "पाणी देऊ?"

मी ते पाणी प्यायले, मग त्या बाईलाच मिठी मारली. तिची धुतलेली सगळी कपड्यांची रास पुन्हा धुवायला गेली.

तुमचा डावा बूट आत राहिला. उजवा पलंगाखाली ठेवला आहे.

मी


३० मे

अहो,

थोडक्यात लिहिते.

आज पालिकेत निर्णय होता. बाहेर खडी भरलेला ट्रक उभाच करून ठेवला होता, म्हणजे निकाल काय लागणार ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. इंजिनीअरबाईंनी सगळं मांडलं: ढिगारा उपसायचा, तिथे लोखंडी कमानी बसवायच्या, मग माणूस ताठ उभा राहून जाईल. अध्यक्षांनी चष्मा काढला. "ते ठीक आहे. पण सामान्य माणसाला हे झेपेल का?"

बाई खाली बसल्या आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्या लोकांपुढे मी कधी बोललेले नाही. तुमच्या सोबत्याच्या निरोप समारंभात 'धन्यवाद' म्हणायचं होतं, तेही मी गिळलं होतं.

मी उठले. म्हटलं, "माझी साठी उलटलीये. माझा गुडघा दुखतो. मी आत जाऊन घाबरले, आणि बाहेर आले. आता तर म्हणताय वाट उभ्यानं चालायची होणार. मग तुमच्यातला कोण आहे ज्याला झेपणार नाही? त्यानं हात वर करावा."

हॉलमध्ये आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल. अध्यक्षही हसले. मग मतं घेतली, तेव्हा हात वर झाले ते शाफ्ट उघडे ठेवायच्या बाजूनं. मोजायची गरजच पडली नाही. खडीचा ट्रक वळून परत गेला तेव्हा लोक त्याच्या मागे पळत ओरडत होते, आणि त्यात तुमची बायकोही होती.

लंबूनं मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. मी छत्रीनं मारलं.

मी


१८ नोव्हेंबर

अहो,

परवाच्या फेरीत तुम्ही स्वतः होतात, तरी लिहिते. माझ्या बाजूनं कसं दिसलं ते तुम्हाला माहीत नाही.

खाण बघायला आलेली माझ्या सकाळच्या फेरीची माणसं रांगेत होती. मी दरवेळेप्रमाणे एकेकाला हेल्मेट आणि दिवा देत होते. एक हेल्मेट मान खाली घालून पुढे आलं. मी दिवा दिला. घेणाऱ्यानं अंगठा थेट काचेवर ठेवला.

आयुष्यात कितीदा ओरडले असेन त्या अंगठ्यावर! तोंडातून सवयीनं निघून गेलं, "अंगठा काढा, डाग पडतो." मग वर बघितलं. तुम्ही वाळलात. मिशी पांढरी झालीये. मागचा माणूस म्हणत होता, "बाई, आमचा दिवा?" आणि माझा हात काही पुढे जाईना.

तुम्ही म्हणालात, "रांग खोळंबलीये." मग मी दिला.

खाली उतरताना तुम्ही माझ्या मागे उभे होतात. मी रोजचं बोलत होते, पण माझं मला ऐकू येत नव्हतं. पानं दाखवली. तुम्हीही मान वर केलीत, सगळ्यांसारखी, आणि बाकीचे पुढे गेले तरी तुमची मान वरच होती. ते मी पाहिलं.

मग आपण कमानींपाशी आलो, जिथे तो ढिगारा होता. त्या चष्मेवाल्या मुलीनं मला विचारलं, "छत पडलं तेव्हा कुणाला लागलं होतं का?" मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "नाही. सगळे पळालो. सगळ्यात आधी मी पळालो."

लोक हसले. तुम्हीही हसलात. आणि मग जे सुरू झालात! छत बोलतं कसं, लाकूड आधी कसं कुरकुरतं, लंबूनं हाका मारून मारून सगळ्यांना कसं गोळा केलं, घरी आल्यावर ताट समोर होतं आणि घास उतरत नव्हता. त्या दिवशी मी तुम्हाला मीठ कमी पडलं का म्हणून विचारलं होतं. तुम्ही हो म्हणाला होतात.

लोक दगडासारखे उभे राहून ऐकत होते. वरून पाळणेवाला घंटा वाजवत होता, पुढची फेरी ताटकळली होती, माझं सगळं वेळापत्रक धुळीला मिळालं. मी तुम्हाला थांबवलं नाही. मला जो एक शब्द मिळायचा त्याच्या मागे एवढं होतं, आणि ते मी माझ्या फेरीत, माझ्या दिव्याच्या उजेडात ऐकत होते. मला इतका अभिमान वाटला की मी तोंड फिरवून उगाच एका बाईचा पट्टा आवळला. तिला काचला.

बाहेर पडल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हेल्मेट परत देताना हळूच विचारलंत, "मी इकडे परत आलो तर चालेल का?" मी म्हटलं, "विचार करून कळवते." तुमचा चेहरा पडला. पण मला विचार करायचा होता. मला कुणी असं विचारलं, की मी तो सावकाश करते.

केला.

या. इंजिनीअरबाईंनाही विचारलंय. त्या म्हणाल्या, दुपारच्या फेरीला बोलणारा माणूस त्यांना हवाच आहे. पण आधी नीट ऐकून घ्या. सकाळची फेरी माझी आहे, तिच्यात मध्ये बोलायचं नाही. खोली तुमची तशीच आहे. जाऊबाईंना म्हणावं, थंडी सरली की त्यांनी आणि भाऊजींनीही यावं, मी दोघांना खाली नेते.

मंगळवारच्या बसनं निघा. थांब्यावर घ्यायला येणार नाही, मी तेव्हा खाली असेन. किल्ली शेजारणीकडे आहे. सध्या दुपारची फेरीही मीच नेते, मला वर यायला पाच वाजतात. तोवर चहा करून ठेवा.

तुमची
दिवाबाई